‘तांत्रिक अडचण’ आणि हरवलेलं पीएचपी ६

मंडळी, आधी एक सोपा प्रश्न. ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? म, रा, ठी. तीन. पहिलीतलं पोरही सांगेल.

आता हाच प्रश्न पीएचपी नावाच्या संगणकभाषेला विचारा. शब्दाची लांबी मोजायचं तिचं सर्वांत जुनं फंक्शन म्हणजे ‘स्ट्रलेन’. ते सांगतं १५. त्याच भाषेत ‘एमबी-स्ट्रलेन’ नावाचं दुसरं फंक्शन आहे, ते सांगतं ५. आणि ‘ग्राफीम-स्ट्रलेन’ म्हणून तिसरं आहे, ते सांगतं ३. एकाच शब्दाची तीन उत्तरं, आणि गंमत म्हणजे तिन्ही आपापल्या जागी बरोबर! पहिलं बाइट मोजतं, दुसरं युनिकोडचे सुटे घटक मोजतं (म, र, काना, ठ, वेलांटी), आणि तिसरं आपल्यासारखं वाचतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? सांगतो. जगातल्या ज्या वेबसाइट्सची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन पीएचपीवर चालतात. विकिपीडिया पीएचपीवर आहे. वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे, म्हणजे तुमच्या-आमच्या ओळखीतले निम्मे ब्लॉग, शाळा-कॉलेजांच्या साइट्स आणि गावोगावची बातम्यांची पोर्टल्स त्यावरच उभी आहेत. अशा पोर्टलवर बातमीचा सारांश वाचताना शेवटी काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह कधी दिसलंय? तो याच हिशेबाचा गोंधळ. देवनागरीचा एकेक घटक तीन बाइटचा. कुणीतरी ‘पहिले २०० बाइट दाखव’ असं सांगून ठेवलं, १९८ पर्यंत सगळं ठीक बसलं, आणि पुढचा घटक मधोमध कापला गेला. इंग्रजीत असं होत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट.

हे दुखणं मुळातून काढायचा एक मोठा प्रयत्न झाला होता. तो फसला. फसल्यावर तो का फसला हे ज्याने नेतृत्व केलं त्यानेच भर सभेत उभं राहून सांगितलं. आजची पोस्ट त्या भाषणाबद्दल, आणि पीएचपीवाल्यांच्या परिषदांमधल्या अशाच आणखी काही प्रसंगांबद्दल आहे. नेहमीप्रमाणे लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात थोडक्यात. रास्मुस लेरडॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वॉटरलू विद्यापीठात शिकलेला माणूस. १९९४ मध्ये त्याने स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले. आपला बायोडेटा कोण कोण बघून जातं याची नोंद ठेवणं, हे त्यातलं एक काम. नावही साधंच, ‘पर्सनल होम पेज टूल्स’. ८ जून १९९५ ला त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे इस्राएलमधल्या टेक्नियनचे दोन विद्यार्थी, अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की, यांनी त्याचा गाभा नव्याने लिहिला आणि जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. झीव आणि अँडी या दोन नावांतून ‘झेंड’ हे नाव निघालं, आणि पीएचपीच्या इंजिनाला आजही तेच नाव आहे.

म्हणजे बघा, ना कुठली मोठी कंपनी, ना सरकार, ना समिती. गावकीच्या विहिरीसारखं काम. ज्याला पाणी लागेल त्याने दोर आणावा, आणि जमलं तर गाळही काढावा.

अशा कामाला एक अडचण असते. माणसं जगभर पांगलेली, सगळा व्यवहार ईमेलवर, आणि ईमेलवर भांडणं फार होतात. म्हणून परिषदा सुरू झाल्या. जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत, लंडनमध्ये, ॲमस्टरडॅममध्ये. रीत साधारण एकच. आयोजक विषय मागवतात, प्रोग्रामर प्रस्ताव पाठवतात, निवड होते, पाऊण-एक तासाचं भाषण आणि मग प्रश्न. भाषणानंतर स्लाइड्स इंटरनेटवर टाकायच्या. ‘जॉइंड-इन’ नावाच्या साइटवर तर श्रोते प्रत्येक भाषणाला जाहीर गुण द्यायचे आणि अभिप्राय लिहायचे. वक्ता कितीही मोठा असो, भाषण कंटाळवाणं झालं तर खाली तसं लिहिलेलं असायचं. आपल्याकडे व्यासपीठावरच्या माणसाला श्रोत्यांनी असे गुण दिले तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

पहिलं मोठं भाषण ऑक्टोबर २००२ चं. कॅलिफोर्नियात ‘पीएचपीकॉन’ भरली होती. याहूचा इंजिनिअर मायकेल रॅडविन उभा राहिला. तेव्हाचं याहू म्हणजे इंटरनेटचा राजाच. त्यांच्याकडे घरीच बनवलेल्या, फक्त याहूतच चालणाऱ्या भाषा होत्या. रॅडविनने सांगितलं की आता आम्ही त्या सोडून पीएचपी घेतोय. घरच्या भाषेचा त्रास काय होता, दुसरे कोणते पर्याय तपासले, ते का सोडले, हे तर त्याने सांगितलंच. पीएचपीत काय खटकतं तेही सांगितलं. एवढी मोठी कंपनी स्वतःच्या घरात काय चुकलं हे स्पर्धकांसमोर मांडते आणि फुकट मिळणारी, कुणाच्याच मालकीची नसलेली भाषा का घेतली याची कारणं देते, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. ‘पीएचपी हौशी पोरांसाठी’ असं म्हणणाऱ्यांना त्यानंतर उत्तर मिळालं. रास्मुसही तेव्हा याहूतच नोकरीला होता.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे.

२००५ मध्ये आंद्रे झ्मिएव्स्की या प्रोग्रामरच्या पुढाकाराने ठरलं की पुढची आवृत्ती, पीएचपी ६, आतून-बाहेरून युनिकोडची करायची. म्हणजे इंग्रजी, रशियन, चिनी, मराठी, सगळ्या भाषा पीएचपीला सारख्याच. त्यासाठी आयसीयू नावाची, मूळची आयबीएममधली लायब्ररी घेतली आणि पीएचपीच्या पोटात सगळा मजकूर यूटीएफ-१६ या पद्धतीने ठेवायचं ठरवलं.

इथे थोडा हिशेब समजून घ्या, कारण घोडं इथेच अडलं. यूटीएफ-१६ मध्ये इंग्रजीचं अक्षर दोन बाइटचं होतं, देवनागरीचा घटकही दोन बाइटचा. आपल्या ‘मराठी’ला १५ ऐवजी १० बाइट पुरतात. म्हणजे आपल्याला फायदाच. पण इंग्रजी मजकुराचा आकार एकदम दुप्पट. आणि वेबपानाचं बरंचसं सामान इंग्रजी अक्षरांतच असतं. पान मराठी असलं तरी त्यामागचे एचटीएमएलचे टॅग इंग्रजीच असतात. त्यात ब्राउझर आणि डेटाबेस बोलतात बहुतेक यूटीएफ-८ मध्ये. म्हणजे मजकूर आत येताना रूपांतर, बाहेर जाताना पुन्हा रूपांतर. मुंबईहून ठाण्याला जाताना दर स्टेशनावर सामान उतरवून पुन्हा चढवायचं, असला प्रकार. मेमरी वाढली, वेग मंदावला.

दुसरी अडचण माणसांची. पीएचपीतली हजारो फंक्शन्स एकेक करून बदलायची होती आणि युनिकोड नीट समजणारे हात मोजकेच. बाकीच्यांना आपलं नेहमीचं काम पुढे न्यायचं होतं. पण नवं काही करायचं तर ते पीएचपी ६ मध्ये, आणि पीएचपी ६ तर निघायचं नाव घेईना. हळूहळू लोक कंटाळले. शेवटी युनिकोड सोडून तयार असलेल्या बऱ्याच गोष्टी जुन्या घरात आणल्या आणि जून २००९ मध्ये पीएचपी ५.३ म्हणून काढल्या. मार्च २०१० मध्ये पीएचपी ६ अधिकृतपणे बाजूला ठेवलं गेलं. पाच वर्षांचं काम. दुकानांत तोवर शीर्षकात ‘पीएचपी ६’ असलेली पुस्तकं विकायला आली होती!

आता कल्पना करा, हा प्रकार आपल्याकडच्या एखाद्या सरकारी संगणक प्रकल्पात झाला असता तर? फाईल बंद, प्रमुखाची बदली, आणि पत्रकाराने विचारलंच तर दोन शब्दांचं उत्तर: ‘तांत्रिक अडचण’.

झ्मिएव्स्कीने परिषदेत जाऊन भाषण दिलं. ‘युनिकोडचं आणि पीएचपी ६ चं काय झालं’ हाच विषय. त्यात चांगलं काय होतं, वाईट काय होतं आणि अगदीच लाजिरवाणं काय होतं, असे भाग पाडून सगळं सांगितलं. यूटीएफ-१६ ची निवड, रूपांतराचा भार, सहकाऱ्यांना सोबत न घेता येणं, उत्साह कसा आटत गेला ते. स्लाइड्स इंटरनेटवर टाकल्या. नवीन मुलं आजही त्या शोधून वाचतात.

याचा उपयोग झाला का? झाला. आणि तो तीन ठिकाणी दिसतो.

एक. पुढच्या आवृत्तीला नाव काय द्यायचं यावर २०१४ मध्ये रीतसर वाद झाला, मतदान झालं. सहाचा आकडा सोडून थेट सात घ्यायचं ठरलं, कारण पीएचपी ६ नावाचं काहीतरी होऊन गेलंय हे सगळ्यांना माहीत होतं. अपयश लपवून त्याच नावावर नवा माल खपवायचा मोह टाळला.

दोन. खुद्द पीएचपी ७. फेसबुकने स्वतःचा प्रचंड पीएचपी कोड वेगात चालावा म्हणून वेगळं इंजिन बनवलं होतं. आधी २०१० मध्ये ‘हिपहॉप’, नंतर ‘एचएचव्हीएम’. २०१४ मध्ये विकिपीडियाही त्यावर गेला. मूळ पीएचपीवर दडपण आलं. झेंडमधल्या दिमित्री स्तोगोव्हने आधी ‘जिट’ हे तंत्र लावून पाहिलं. छोट्या चाचण्यांत आकडे झकास, पण वर्डप्रेससारख्या खऱ्या कामात फरक जवळजवळ शून्य. कारण शोधलं तर कळलं की वेळ मेमरीतल्या पसाऱ्यात जातोय. मग त्याने जिट बाजूला ठेवलं आणि आतली मांडणीच बदलली. प्रत्येक मूल्याची पेटी २४ बाइटची होती ती १६ वर आणली, आणि ॲरेतला कप्पा ७२ चा होता तो ३२ वर. यात चीनचा शिनचेन हुई आणि जर्मनीचा तरुण निकिता पोपोव्ह सोबत होते. ३ डिसेंबर २०१५ ला पीएचपी ७ आलं आणि तीच जुनी वर्डप्रेस साइट जवळपास दुप्पट वेगाने चालू लागली. रास्मुस तेव्हा देशोदेशीच्या परिषदांत हे आकडे दाखवत फिरला. पुढे तर सगळ्यांनी नवी आवृत्ती घेतली तर किती सर्व्हर बंद करता येतील, किती वीज आणि किती कार्बन वाचेल, याचा अंदाज तो मांडू लागला. विकिपीडिया २०१९ मध्ये परत मूळ पीएचपीवर आला.

इथेही बघा, जिटचा प्रयत्न फुकट गेला हे लपवलं नाही, उलट नव्या कामाची प्रस्तावनाच त्याने झाली. (तेच जिट पुढे २०२० मध्ये पीएचपी ८ मध्ये आलं, ते वेगळं.)

तीन. मार्च २०२१. पीएचपीच्या कोडमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली, तीही रास्मुस आणि निकिताच्या नावाने. काही तासांत ती पकडली गेली आणि त्याच दिवशी, २८ मार्चला, निकिताने सगळ्या जगाला ईमेलवर सांगितलं की असं असं झालंय, आमचा स्वतःचा सर्व्हर आता भरवशाचा राहिला नाही, आम्ही कोड गिटहबवर हलवतोय. चौकशी समिती नाही, ‘परिस्थिती नियंत्रणात’ नाही. त्याच वर्षी आणखी एक अप्रिय गोष्ट चव्हाट्यावर आली. इंजिन खरोखर आतून समजणारी माणसं जगात जेमतेम दोन, दिमित्री आणि निकिता, आणि निकिता दुसऱ्या कामाला जायच्या बेतात. जगातल्या बहुसंख्य वेबसाइट्स दोन माणसांच्या भरवशावर! हे उघड बोललं गेलं म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये जेटब्रेन्स, ऑटोमॅटिक, लाराव्हेल वगैरे कंपन्यांनी मिळून पीएचपी फाउंडेशन उभं केलं, आणि प्रोग्रामरांना पगार देऊन हे काम होऊ लागलं.

या मंडळींचं सगळंच छान आहे असं नाही. २०१९ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला होणारी मध्य युरोपची पीएचपी परिषद रद्द करावी लागली, कारण वक्त्यांच्या यादीत एकही बाई नव्हती. त्यावरून काही वक्त्यांनीच माघार घेतली. यादी बदलायची की नाही यावर रण पेटलं आणि शेवटी आयोजकांनी परिषदच गुंडाळली. जो व्यासपीठावर नाही त्याची गरज कुणाला कळत नाही, हा मुद्दा त्यातून वर आला. आणि हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे.

कसा ते बघा. वर ज्या ‘एमबी’ फंक्शनांचा उल्लेख केला ती जपानी प्रोग्रामरांमुळे आली. त्यांची लिपी एका बाइटात मावत नव्हती, त्यांना रोज त्रास होत होता, ते येऊन बसले आणि त्यांनी काम केलं. ‘ग्राफीम’वाली फंक्शन्स पीएचपी ५.३ पासून भाषेसोबत मिळू लागली, म्हणजे पीएचपी ६ बुडालं त्याच काळात. आयसीयू लायब्ररीचा उपयोग अशा रीतीने टिकला. आणि आपलं जोडाक्षर? ‘लक्ष्मी’ घ्या. आपण म्हणू दोन अक्षरं, ल आणि क्ष्मी. संगणकाचा नियम म्हणायचा चार: ल, क्, ष्, मी. देवनागरीतलं जोडाक्षर एकच मानायचं हा नियम युनिकोडच्या अक्षरं वेगळी करण्याच्या प्रमाणात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला! युनिकोड १९९१ पासून आहे. बत्तीस वर्षं ‘लक्ष्मी’ चार तुकड्यांत फिरत होती.

यात मराठी माणसाची टक्केवारी शोधायची माझी इच्छा नाही, पण प्रश्न पडतोच. पीएचपीवर पोट भरणारे प्रोग्रामर आपल्याकडे कमी आहेत का? पुण्यात २००८ मध्ये ‘पीएचपीकॅम्प’ भरला होता. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतला ‘जीनुनिफाय’ वर्षानुवर्षं चालला. पुणे, मुंबई, नागपूर इथे वर्डकॅम्प झाले, आणि २०२६ च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी तर मुंबईची निवड झाली. मराठीत वर्डप्रेस वापरता येतं ते काही स्वयंसेवकांनी एकेक ओळ भाषांतरित केली म्हणून. म्हणजे माणसं आहेत, हौस आहे. पण ‘आमच्या पोर्टलवर मराठी कुठे मोडली, का मोडली, आणि आम्ही काय केलं’ असं पाऊण तास उभं राहून सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

याला कारण फक्त तंत्रज्ञान नाही. आपल्याकडे चूक सांगणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत, बावळट म्हणतात. साहेब नाराज होतो, कंत्राट जातं. म्हणून निकालाच्या दिवशी साइट झोपते, फॉर्मच्या शेवटच्या तारखेला सर्व्हर बसतो, आडनावातलं जोडाक्षर दाखल्यावर फुटून येतं, आणि दरवर्षी तेच होतं. कारण मागच्या वर्षी काय झालं होतं हे लिहून ठेवलेलंच नसतं. पुढच्या वर्षीचा कंत्राटदार त्याच खड्ड्यात नव्याने पडतो, आणि खड्डा भरायचे पैसे आपण दरवेळी नव्याने देतो.

पीएचपीवाले काही आपल्यापेक्षा हुशार होते अशातला भाग नाही. त्यांच्या भाषेला जगभर नावं ठेवली जातात, अजूनही. पाच वर्षं त्यांनीही वाया घालवली. पण ती पाच वर्षं कुठे गेली याचा जमाखर्च त्यांनी मांडला, आणि पुढच्या माणसाला तो वाचता आला.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, सार्वजनिक पैशातून चाललेलं कुठलंही पोर्टल तासाभराहून जास्त बंद पडलं, तर महिनाभरात त्याचा लेखी जमाखर्च जाहीर व्हावा. काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं. नावं नकोत, फाशी नको, फक्त हिशेब. माहिती अधिकारात अर्ज करून तो मागवायची वेळ येऊ नये. दुसरी, आपल्या भागातल्या ज्या पोरापोरींनी मराठी साइट्सवर काम केलंय त्यांनी पुढच्या वर्डकॅम्पला किंवा कॉलेजच्या एखाद्या मेळाव्याला एक प्रस्ताव पाठवावा. विषय मी देतो: ‘लक्ष्मी कुठे फुटली’. इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोला.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर खाली लिहा. कुठल्या कार्यालयाचं, कुठल्या कंपनीचं नाव नको. काय मोडलं आणि कसं सुधारलं, एवढंच सांगा. कुणालातरी पुढच्या वेळी कामाला येईल.